घाटासाठी भारी गिअर

घाट चढायचा म्हणून मी बायकोच्या सायकलला दुकानातला सगळ्यात जड गिअर बसवून घेतला. मेकॅनिक नको म्हणत होता, मीच हट्टाला पेटलो.

हे पहिल्याच दमात सांगून टाकतो, कारण आमच्या ऊर्जानगरात ही गोष्ट आता चार-पाच तऱ्हांनी सांगितली जाते आणि प्रत्येकीत मी होतो त्याहून थोडा जास्तच मूर्ख निघतो. होतो तेवढा पुरे आहे.

ऊर्जानगर ही वीज केंद्राची वसाहत. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या कंट्रोल रूममध्ये माझी अख्खी नोकरी गेली. ते पट्टे ओढणारे गिअरबॉक्स असे दांडगे, की शेजारी उभं राहिलं तर छातीत धडधडायचं. मी शेजारी उभा राहत नसे. मी काचेच्या आत बसून बटण दाबत असे. हिरवं दाबलं की पट्टा सुरू, लाल दाबलं की बंद. मधे काय घडतं ते मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. पण नातेवाइकांत मी ‘गिअरमधला माणूस’. लग्नकार्यात कुणाची मोटरसायकल घरघरायला लागली की मला बोलावणं यायचं. मी वाकून, कान लावून ऐकायचो आणि गंभीरपणे म्हणायचो, “तेल पाहून घ्या एकदा.” तेल पाहिल्यानं आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही.

बायको नर्स होती. तिची पहिली नेमणूक कुरखेड्याच्या पुढे, कोरचीकडे जाताना जो घाट लागतो त्याच्या माथ्यावरच्या उपकेंद्रात. तेव्हा आमचं लग्नही झालं नव्हतं. लसीचा बर्फ घातलेला डबा खालून, कुरखेड्याहून आणावा लागे. ती तो सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधायची आणि निघायची. पायथ्यापर्यंत सायकल तिला नेई, पायथ्यापासून ती सायकलला. आठ वर्षं तिनं ती सायकल घाटात ढकलली. वरच्या गावांत तिचं नावच ‘डब्बेवाली नर्सबाई’ पडलं. एसटीचे कंडक्टर ओरडून जायचे, “बाई, सायकलवर बसाले असते, संग फिरवाले नाई!”

ते वाक्य तिला लागलेलं. निवृत्तीनंतर एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “अजी, मले थो घाट एकदा बसून चढाचा हाय. खाली पाय न टेकवता.”

“कोणता घाट?”

“तुमाले किती घाट माहीत हायेत माह्ये?”

उन्हाळ्यात तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, त्यानंतर चालणं-फिरणं सुरेख होईल, पण सायकल आणि चढ हे विसरायचं. म्हणजे हा एकच हिवाळा हातात. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की दोघं जाऊ, घरून सायकलनंच जाऊ, सामान लादून जाऊ, आणि गिअरचं सगळं माझ्यावर सोड. तिनं सोडलं. एवढी वर्षं संसार करून माणूस इतका बेसावध कसा राहू शकतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आम्ही दोन गिअरच्या सायकली घेतल्या. तिची बुटकी, पुढे टोपलीवाली, लेडीज, माझी दांडीवाली. मग मी त्या घेऊन चंद्रपुरात चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे शहरातले जुने सायकल मेकॅनिक. त्यांचे वडीलही हेच करत. चाचा बोलतात कमी, चष्म्यावरून पाहतात जास्त.

त्यांच्याकडे पुढे बसवायच्या दोन दातेरी चकत्या होत्या. एक बेचाळीस दात्यांची, थाळीएवढी. दुसरी अठ्ठावीस दात्यांची, चहाच्या बशीएवढी. मागची दातेरी चाकं दोन्ही सायकलींना सारखीच, तेव्हा निवड काय ती पुढचीच करायची. मी आदल्या रात्री कागदावर विचार करून आलो होतो. आता तो विचार ऐका, कारण त्यात तसं पाहिलं तर एकही चूक नव्हती.

पुढची चकती मोठी असली की पायडल एकदा फिरवल्यावर सायकल जास्त लांब जाते. म्हणजे तेवढंच अंतर कापायला पायडल कमी वेळा फिरवावं लागतं. म्हणजे गुडघा कमी वेळा वाकतो. गुडघा कोणाचा दुखतो? बायकोचा. तेव्हा मोठी चकती बायकोला. झालं! प्रत्येक वेळी वाकताना त्या गुडघ्यावर किती जोर पडेल, एवढी एकच गोष्ट कागदावर मावली नव्हती.

मी म्हणालो, “चाचा, बाईच्या सायकलले एकदम भारी लावा. माझ्याले हलकं चालते.”

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाईले भारी?”

“हो.”

“अन् तुमाले हलकं?”

“मी कसंही निभावून नेईन हो. तिचं काम झालं पायजे.”

“साहेब, घाट चढाचा हाय म्हणत होते ना तुम्ही?”

“म्हणूनच तर भारी पायजे!”

“भारी म्हणजे भारी ना?”

“आता भारी म्हणजे भारीच! अजून काय असते?”

आता आपल्या भाषेचंच पाहा. भारी लुगडं म्हणजे उत्तम लुगडं आणि हलकं लुगडं म्हणजे रोजचं, कुठेही चालेल असं. आजकालची पोरं तर आवडलं की ‘भारी’च म्हणतात. मी बायकोसाठी भारीतलं भारी मागत होतो आणि स्वतःकडे हलकं घेत होतो. माझ्या मते तो त्याग होता. चाचांच्या दुकानात मात्र भारी म्हणजे जड, आणि हलकं म्हणजे जे बिचाऱ्या चढणाऱ्याला द्यायचं ते. “मियां-बीवी का मामला है” असं पुटपुटून चाचांनी पाना उचलला. भांडण झालं असावं आणि साहेब बायकोवर सूड उगवतोय, असा त्यांचा समज झाला होता. हे त्यांनी मला पुढे सांगितलं.

ऊर्जानगरातल्या सपाट रस्त्यावर तिनं सायकल चालवून पाहिली. रिकामी सायकल, गुळगुळीत डांबर आणि मागून वारा. कंपनीच्या बसथांब्यावरून ती अशी सुसाट गेली, की बसची वाट पाहणाऱ्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. परत येऊन म्हणाली, “अजी, हे तं उडून राह्यली!” मी नुसती मान डोलावली. गिअरमधल्या माणसानं फार बोलू नये.

सामान बांधतानाही मी डोकं चालवलंच. तिचा गिअर भारी, म्हणजे ओझंही तिचीच सायकल जास्त घेणार. तेव्हा दोन घोंगड्या, तांदळाची पिशवी, स्टोव्ह, भांडी तिच्या कॅरिअरवर आणि कपडे माझ्याकडे.

भात कापून झालेला, थंडी अंगात मुरलेली. रस्ता जंगलातून, तेव्हा चांगलं उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि ऊन कलायच्या आत मुक्कामी पोचायचं. आमच्याकडे वाघाच्या वेळा माणसांनीच पाळायच्या असतात. पहिल्या दिवशी मूल. रस्ता बराचसा सरळ, त्यामुळे माझी अब्रू शाबूत राहिली. फक्त मूलच्या जरा आधी एका साध्या चढावर ती उतरली आणि चालायला लागली.

“काय झालं?”

“जड जाऊन राह्यली.”

“सवय नाही ना.”

राइस मिलच्या कोंड्याचा वास सुरू झाला, तिच्या मावसबहिणीचं घर आलं, आणि विषय तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर चढावर ती पुन्हा उतरली. मी मात्र त्या चढावर असा गेलो, की मलाच माझं कौतुक वाटलं. पाय भिंगरीसारखे फिरत होते, दम लागत नव्हता. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तर वाटलं, शाबासकीच देतोय. वर पोचून मी झाडाखाली सायकलला टेकून उभा राहिलो, एक पाय दुसऱ्यावर टाकून. ती ढकलत आली. घामानं चेहरा डबडबलेला. म्हणाली, “तुमाले कसं काई होत नाई?”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “वय झालं आता तुझं. माझी बॉडी पहिल्यापासून कसलेली आहे.”

कसलेली म्हणे. काचेच्या आत बटणं दाबून कसलेली.

तिसरा दिवस. आधी ती चढ आला की उतरायची, आता चढ दिसला की उतरायला लागली. आणि मला, खरं सांगतो, पुढे राहण्याची चटक लागली होती. जन्मभर ती माझ्यापेक्षा भरभर चालत आलेली. बाजारात मी पिशव्या घेऊन तिच्या मागे. आता तीन दिवस मी पुढे आणि ती मागे. कशामुळे, हे शोधून काढायची मला काही घाई नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी, कुरखेडा अगदी हाकेवर आलं असताना तिचं मागचं चाक पंक्चर झालं. ती शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसली. समोर कापलेल्या धानाचे पेंढे. ती मांडीवर हात ठेवून, दुसऱ्या कुणाकडे पाहावं तसं आपल्या पायांकडे पाहत होती.

“अजी, उद्या कोरचीची यष्टी किती वाजता हाय?”

“यष्टी कशाला?”

“घाट यष्टीनं पाहू. खिडकीतून बी दिसते.” मग, “डब्बा घेऊन ढकलत का होईना, चढत होतो मी. आता पायात तेवढा बी जीव नाई. माह्यंच चुकलं. ह्या वयात काई मनात आणाच नसते.”

मी सायकल उलटी केली, चाक काढलं, ठिगळ लावलं, चाक बसवलं. चेन नीट बसली का पाहायला हातानं पायडल फिरवलं. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चाकावर होती, म्हणजे चढावर जशी असते तशी. चाकाच्या वॉल्व्हला लाल टोपी होती, ती सहज डोळ्यांत भरली. पायडलची एक फेरी झाली आणि लाल टोपी दीड फेरी फिरून वर येऊन थांबली. पुन्हा फिरवलं. पुन्हा दीड.

माझी सायकल स्टँडवर उभी होती. त्या सायकलचीही चेन मी मागच्या मोठ्या दातेरी चाकावर घेतली आणि पायडल फिरवलं. एका फेरीला एकच फेरी.

मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. त्या लाल टोपीनं मला सगळं समजावून सांगितलं. पायडलच्या एका फेरीत मी चाक एकदा फिरवत होतो आणि ती दीडदा. म्हणजे माझ्या दीडपट जोर ती दर खेपेला लावत होती, दुखऱ्या गुडघ्यानं, आणि घोंगड्या, तांदूळ, भांड्यांसकट.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. “झालं, चल,” एवढंच म्हणालो. कुरखेड्यात बुद्धविहाराच्या बाजूच्या खोलीत आमची उतरायची सोय झाली होती. हातपाय धुतले, शेजारच्या घरून चहा आला. तिनं त्या घरच्या बाईला विचारलं, कोरचीची सकाळची गाडी सायकली टपावर घेते का. तेव्हा मी कप खाली ठेवला.

“ऐक,” मी म्हणालो. “तुझ्या पायाला काही झालेलं नाही.”

“मंग?”

“गिअर उलटा बसवला. तुला द्यायचा तो माझ्या सायकलला आहे.”

“चाचानं?”

इथे एक दार उघडं होतं. चाचा चंद्रपुरात, आम्ही कुरखेड्यात. ‘हो’ म्हटलं असतं तर चाललं असतं. मी त्या दाराकडे जरा वेळ पाहिलंही.

“मी,” म्हणालो. “चाचा नको म्हणत होते.”

मला वाटलं आता फुटणार. पण ती पुढे सरकली आणि तिनं मला अगदी हळू विचारलं, “म्हणजे माह्ये पाय गेले नाईत?”

“नाहीत.”

“खरं सांगा.”

“लाल टोपीची शपथ,” मी म्हणालो, आणि तिला बाहेर नेऊन दोन्ही सायकलींची पायडलं फिरवून दाखवली. तिनं स्वतः फिरवून पाहिली, मोजली. मग उजव्या मांडीवर दोन थापा मारल्या, बैलाला मारतात तशा मायेनं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठ आवळलेले. मग माझ्याकडे वळली.

“चार दिवस मी सांगून राह्यलो, जड जाते म्हणून. तुमी काय म्हणे?”

“वय झालं म्हणालो.”

“अन्?”

“बॉडी कसलेली आहे म्हणालो.”

“हं,” ती म्हणाली. “उद्या पाहू कसलेली बॉडी.”

सकाळी तिनं माझी ट्रॅकपँट घातली, खाली दोन घड्या घालून. दांडीची सायकल तिनं जन्मात चालवली नव्हती. विहाराच्या अंगणात तीनदा चढली, तीनदा उतरली. सीट पार खाली आणली तेव्हा पाय टेकले. मग सगळं सामान, कपड्यांसकट, तिनं स्वतःच्या हातानं लेडीज सायकलवर बांधलं. डबा बांधायची जुनी गाठ मारली, सुटायची नाव नाही. टोपलीत स्टोव्ह ठेवला.

“भारी गिअर हाय तुमचा,” म्हणाली. “ओझं जास्त घेते, नाई का?”

पायथ्याशी आम्ही पाणी प्यालो. तिनं चप्पल काढून बूट घातले, रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि बसली. सगळ्यात हलका गिअर टाकून निघाली. इतकी हळू, की शेजारून चालणारं वासरू पुढे गेलं असतं. पण पाय थांबत नव्हते. माझी मिजास चार दिवस ज्या पायडलांनी वाढवली, तीच आता तिच्या पायाखाली गरगर फिरत होती.

मी पहिल्या वळणाच्या आधीच उतरलो. उतरलो म्हणजे सायकलनंच उतरवलं. बेचाळीस दाते, घोंगड्या, तांदूळ, भांडी, स्टोव्ह. उभा राहून जोर लावला तर टोपली डावीकडे आणि मी उजवीकडे. मग ढकलणं. ढकलताना माणसाला विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो. तिनं हे आठ वर्षं केलं, आणि बर्फ वितळायच्या आत केलं. माझ्याही कॅरिअरवर लसीचा बर्फ आहे अशी कल्पना करून मी दहा पावलं भरभर टाकली. अकराव्या पावलाला म्हटलं, वितळू दे.

तिसऱ्या वळणावर वरून बांबूचा ट्रक आला. वळण अरुंद, ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून धरला. ती कडेला आली, खडीवर पुढचं चाक सरकलं, हँडल डगमगलं. तिचा डावा पाय पायडलवरून सुटून हवेत आला. मी खालून पाहत होतो. माझ्या तोंडून ‘टेकव!’ निघणार होतं, पडू नये म्हणून. ते मी गिळलं. ट्रक मधे आला. धूळ, डिझेलचा धूर, बांबूंची शेपटं घासत गेली. ट्रक गेला तेव्हा ती पुढच्या झाडाशी होती आणि दोन्ही पाय पायडलवर फिरत होते.

पाय टेकला होता का, मला खरंच दिसलं नाही. ती म्हणते नाही टेकला. ट्रकवाला काय सांगेल माहीत नाही. माझी साक्ष तशीही घरात कुणी धरत नाही.

त्यानंतर ती मला दिसली नाही. वळणापलीकडून सायकलची घंटी तेवढी ऐकू यायची, मधूनमधून, कारण नसताना. जिवंत असल्याचं सांगत होती, की मला चिडवत होती, कोण जाणे. मी दोनदा बसलो, एकदा टोपलीतला स्टोव्ह पडला तो मागे जाऊन उचलला, आणि एसटी गेली तेव्हा झाडाकडे तोंड करून उभा राहिलो. कंडक्टर काहीतरी ओरडला. ऐकू आलं नाही, पण वाक्य मला पाठ होतं.

माथ्यावर रस्ता सपाट होतो तिथे एक म्हातारी आवळे घेऊन बसली होती. बायको तिच्या शेजारी दगडावर, ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत सारलेली, चेहरा लालबुंद. दोघी जुन्या ओळखीच्या असल्यासारख्या बोलत होत्या, आणि होत्याच; म्हातारीच्या दोन्ही पोरांना हिनंच लस टोचली होती. मी अजून थोडा खाली, धापा टाकत, पण दोघी दिसत होत्या आणि आवाज स्पष्ट येत होते.

“बसून आल्या, नर्सबाई?”

“बसून आलो. खालपासून.”

“पाय नाई टेकला?”

“नाई टेकला.”

म्हातारीनं तिच्या हातात मूठभर आवळे ठेवले.  बायकोनं एक आवळा खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि हसली. सायकलीकडे पाहून म्हातारी म्हणाली, “पन तुमचा डब्बा कुठी हाय? सामान काईच नाई आणलं?”

“आणलं ना,” बायको म्हणाली. “थे पाहा, मागून येऊन राह्यलं.”

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला. मी शेवटची चढण चढत होतो. लेडीज सायकल, पुढे टोपली, टोपलीत चेमटलेला स्टोव्ह, मागे घोंगड्यांचा ढीग आणि हँडलवर पोट टेकून मी. तिनं मला वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिलं, मी पुरता पोचेपर्यंत पाहिलं, आणि मग बायकोकडे वळून म्हणाली,

“येवढं जड काऊन आणलं, बाई, घाटात?”